मधली वर्षं

मराठी मालिका बघणाऱ्या प्रत्येक घराला 'लीप' हा शब्द माहीत असतो. कथानक रेंगाळलं, टीआरपी घसरला की मालिका एकदम दहा-पंधरा वर्षं पुढे उडी मारते. शुक्रवारपर्यंत दोन वेण्या घालून आजीच्या मांडीवर झोपणारी मुलगी सोमवारी साडेसातला लग्नाच्या वयाची होऊन दारात उभी राहते. आईच्या केसांत एक पांढरी बट आलेली असते, बाबांना चष्मा लागलेला असतो, हॉलचे पडदे बदललेले असतात. प्रेक्षक दोन दिवस कुरकुर करतात, मग नव्या नटीची सवय होते आणि लग्नाचा ट्रॅक सुरू होतो.

या उडीत जे गळतं त्याबद्दल मला लिहायचंय. मधल्या काळात त्या मुलीची दहावी झाली असणार. तिला पहिल्यांदा पाळी आली असणार, तिने खोलीचं दार पहिल्यांदा आतून लावून घेतलं असणार, फोनला पासवर्ड टाकला असणार. कुणीतरी तिचा फोटो कुठेतरी फिरवला असणार, किंवा तिने कुणाचा तरी. बाबांशी बोलणं कमी झालं असणार. एवढं सगळं पडद्यामागे उरकून ती आपल्यासमोर येते ती थेट स्थळ बघायला. आपल्या टीव्हीला लहान मुलं आवडतात, कारण ती गोड दिसतात. तरुण आवडतात, कारण त्यांची लग्नं लावता येतात आणि मोडता येतात. मधली वर्षं अडचणीची, म्हणून ती कापली जातात.

या वर्षांसाठी मराठीत 'पौगंडावस्था' असा भारदस्त शब्द आहे. पाठ्यपुस्तकाबाहेर तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. घरात आपण म्हणतो, 'वयात आलाय', 'शिंगं फुटलीत', 'हल्ली फार उलट बोलायला लागलाय'. ही तिन्ही वाक्यं बाहेरून बघणाऱ्या माणसाची आहेत. त्या वयातल्या मुलाने स्वतःबद्दल म्हणावं असं एकही वाक्य आपल्याकडे तयार नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत या वयावरच्या दोन मालिका आपल्याकडे एवढ्या बोलल्या गेल्या, तेव्हा मी त्या जरा निरखून बघितल्या. एक 'कोटा फॅक्टरी'. दुसरी ब्रिटनची 'अ‍ॅडोलसन्स', म्हणजे शब्दशः 'पौगंडावस्था'. पहिली कोचिंग क्लासवर, दुसरी एका खुनावर. वरवर बघता तुलना करण्यासारखं काही नाही. पण दोन्हींसमोर एकच प्रश्न आहे: पोराचं काही बिनसलं, तर कॅमेरा घरात जाणार की घराबाहेर थांबणार?

एका भागात एक प्रॉब्लेम

टीनएजर आणि त्यांच्या घरच्यांच्या 'खऱ्या समस्या' दाखवणाऱ्या मालिकांचा इतिहास लांबलचक आहे, आपण तो भराभर बघू. अमेरिकेत एबीसी वाहिनीने 1972मध्ये 'आफ्टरस्कूल स्पेशल' सुरू केलं. शाळा सुटल्यावर, दुपारी, तासाभराची स्वतंत्र गोष्ट. एका गोष्टीत दारू, दुसरीत घटस्फोट, तिसरीत गरोदरपण. हे 1997पर्यंत चाललं आणि त्यातून एक साचा तयार झाला: प्रॉब्लेम येतो, मूल एकटं पडतं, एक समजूतदार मोठा माणूस भेटतो, शेवटी मिठी. प्रॉब्लेम तासाभरात सुटायलाच हवा, कारण पुढच्या वेळी दुसरा प्रॉब्लेम रांगेत उभा असतो.

कॅनडाच्या 'डिग्रासी'ने हा साचा थोडा मोडला. 1987मध्ये 'डिग्रासी ज्युनियर हाय' सुरू झाली तेव्हा त्यात त्या-त्या वयाचीच मुलं घेतली होती, पंचविशीतले नट शाळेच्या बाकावर बसवलेले नव्हते. एका भागात घडलेल्या गोष्टीचा ओरखडा पुढच्या भागांतही राहायचा. 2004मध्ये याच परंपरेतल्या नव्या मालिकेत शाळेत गोळीबार झाला, आणि त्यात जखमी झालेला जिमी हा मुलगा पुढे व्हीलचेअरवर राहिला. तो नट म्हणजे पुढे रॅपर म्हणून जगभर गाजलेला ड्रेक. नॉर्वेच्या 'स्काम'ने 2015मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. पात्रांच्या आयुष्यात मंगळवारी दुपारी जे घडायचं ते वेबसाइटवर मंगळवारी दुपारीच यायचं. पात्रांचा वेळ आणि बघणाऱ्यांचा वेळ एक झाला.

आपल्याकडे झी टीव्हीवर 1998पासून 'हिप हिप हुर्रे' होती. माझ्या पिढीने ती नंतर यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांत पाहिली. ती मुलं इंग्रजी शाळेतली, मोठ्या शहरातली. तरीही त्यात पोरं एकमेकांशी पोरांसारखी बोलायची, हे तेव्हाही मोठं होतं. मग मधली बरीच वर्षं टीव्ही सासू-सुनांकडे गेला आणि टीनएजर इंटरनेटवर गेले. ते पुन्हा भेटले ते कोट्यात.

भैया नावाची सोय

'कोटा फॅक्टरी'चा पहिला सीझन एप्रिल 2019मध्ये आला. इटारसीहून आलेला वैभव पांडे, त्याचे मित्र मीना आणि उदय, आणि फिजिक्स शिकवणारा जीतू भैया. अख्खी मालिका ब्लॅक अँड व्हाइट. पहिल्या भागात वैभवला हवा त्या क्लासला प्रवेश मिळत नाही आणि दुसरीकडे मिळतो तो खालच्या बॅचमध्ये, ए-टेन. तिथून वरच्या बॅचमध्ये जाण्यासाठी बाप-लेक खेटे घालतात. हे पाहताना मी ताठ होऊन बसलो होतो. ज्या माणसाने अकरावी-बारावी 'इंटिग्रेटेड'मध्ये काढली आहे, म्हणजे कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये बूड, त्याला बॅचचा नंबर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे दर परीक्षेनंतर यादी लागायची आणि मुलं बाक बदलायची. डब्यातली भाजी कोण कुणाला देणार हेसुद्धा त्या यादीने ठरायचं.

त्या जगाचा तपशील मालिकेने अचूक पकडलाय. पीजीची खोली, सायकल, मेसचं जेवण, इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा कंटाळा. मैत्री आणि स्पर्धा एकाच खोलीत झोपतात, हेही. मयूर मोरेचा वैभव आणि रंजन राजचा मीना ही दोन पात्रं कुठल्याही होस्टेलमध्ये आजही सापडतील.

पण तीन सीझन सलग पाहिल्यावर एक गोष्ट ठळक होते. या मालिकेत आई-वडील जवळजवळ नाहीत. ते फोनवर आहेत, फीच्या पावतीत आहेत, पहिल्या भागातल्या रांगेत आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये वैभवला कावीळ होते तेव्हा त्याची आई येते, त्याला खाऊ-पिऊ घालते, आणि तो भाग फार हळवा झालाय. पण आई येते ती शुश्रूषा करायला. तिला कोणी विचारत नाही आणि तीही स्वतःला विचारत नाही, की हा मुलगा इथे का आहे. कोटा हे जणू हवामान आहे. पाऊस का पडतो असं कोण विचारतं? छत्री आहे का तेवढं बघायचं.

ती छत्री म्हणजे जीतू भैया. जितेंद्र कुमारने हे पात्र इतकं आपलंसं केलंय की त्याच्याबद्दल तक्रार करणं जड जातं. पण त्याचं काम काय आहे ते बघा. आई-वडिलांनी जे ऐकून घ्यायला हवं ते तो ऐकून घेतो, शाळेने जे शिकवायला हवं ते तो शिकवतो, समुपदेशकाने जे बोलायला हवं ते तो बोलतो. त्यामुळे आई-वडील, शाळा आणि समुपदेशक तिघेही मोकळे. जुन्या 'आफ्टरस्कूल स्पेशल'मधला तो समजूतदार मोठा माणूस इथे तीन सीझनभर पुरवून वापरलाय. आणि या मालिकेच्या पहिल्या सीझनचा प्रायोजक कोण होता? ऑनलाइन क्लासेस विकणारी कंपनी, अनअकॅडमी. क्लास नावाच्या आजारावर चांगला क्लास हे औषध, असा त्याचा अर्थ निघतो. लिहिणाऱ्यांच्या मनात तो असो वा नसो.

मालिकेला हे जाणवलं नसेल असं मी म्हणणार नाही. दुसरा सीझन 2021मध्ये संपतो तो निकालाच्या जल्लोषावर आणि त्याच वेळी आलेल्या एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येच्या बातमीवर. 2024च्या तिसऱ्या सीझनमध्ये जीतू भैया स्वतः थेरपिस्टसमोर बसतो. छत्रीलाच भोकं पडली आहेत हे मालिका कबूल करते. शेवटी वैभवला आयआयटी मिळत नाही, हेही धाडसाचं. पण तेव्हासुद्धा दुःख कुणाचं आहे? भैयाचं. जिने जीव दिला ती मुलगी कोण होती, तिच्या घरी त्या रात्री काय झालं, हे आपल्याला कळत नाही.

खऱ्या कोट्यात 2023 साली विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा वीसच्या वर गेला, आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने होस्टेलमधल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला सांगितलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. अशा गोष्टीला आमच्याकडे 'पॅच' म्हणतात. पॅच लावू नये असं कुणीच म्हणत नाही, एक जीव वाचला तरी तो लावावाच. पण पॅच लावून तिकीट बंद करायचं नसतं. जीतू भैया हा मला त्या स्प्रिंगसारखा वाटतो. असलेला बरा, पण त्याच्यामुळे तिकीट बंद होतं.

माझा मामेभाऊ आत्ता अकरावीत आहे, लातूरला. मामी त्याच्यासोबत भाड्याच्या एका खोलीत राहते, मामा गावी दुकान सांभाळतो. लातुरात अशी हजार घरं सापडतील, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. भावाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला जीतू भैयाचं रील असतं, मागे दणदणीत म्युझिक. मी त्याला विचारलं, ''सीरिज पाहिलीस का पूर्ण?'' तर म्हणाला, ''नाही दादा, वेळ कुठंय. पप्पा पाठवतात क्लिपा.'' मला हे ऐकून हसू आलं आणि मग आलं नाही. ज्या मालिकेने मुलाच्या बाजूने बोलायचं ठरवलं होतं, तिचे मिनिट-मिनिटाचे तुकडे बापाकडून मुलाकडे जातायत, 'अभ्यास कर'चं नवं, छान एडिट केलेलं रूप म्हणून. मामा वाईट माणूस नाही. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो भैयाला बोलायला लावतो. मालिकेत घरासाठी जागाच नव्हती, त्यामुळे घराने मालिकेचा असा उपयोग करून घेतला.

कॅमेरा थांबत नाही

'अ‍ॅडोलसन्स' 13 मार्च 2025 रोजी नेटफ्लिक्सवर आली. चारच भाग. लेखक जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम, दिग्दर्शक फिलिप बॅरन्टिनी. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, मधे एकही कट नाही. तेरा वर्षांच्या जेमी मिलरला वर्गातल्या केटी या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली पहाटे घरातून उचललं जातं. जेमी झालेला ओवेन कूपर याआधी पडद्यावर कधी आला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला एमी मिळालं.

सलग शॉटचं कौतुक सगळ्यांनी केलं, बहुतेकांनी तांत्रिक करामत म्हणून. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. कट नाही म्हणजे उडी नाही. आपल्या मालिका पंधरा वर्षं उडवतात, ही मालिका पंधरा सेकंदही उडवत नाही. पोलीस दार फोडतात, मुलगा घाबरून पँट ओली करतो, बाप जिन्यात ओरडत राहतो की तुम्ही चुकीच्या घरात शिरलात. मग गाडी. मग ठाणं. मग नाव, पत्ता, जन्मतारीख, बोटांचे ठसे, रक्ताचा नमुना. साध्या क्राइम थ्रिलरमध्ये हे सगळं तीन सेकंदांत उरकलं असतं. इथे आपण तो कंटाळा बापासोबत सोसतो. आणि मग भागाच्या शेवटी त्याच बापासोबत, त्याच खोलीत, सीसीटीव्हीचं चित्रण बघतो. खून कुणी केला हा प्रश्न पहिल्याच भागात संपतो.

तिथून पुढची मालिका ज्या प्रश्नाकडे जाते तो 'का'. त्यासाठी ती चार वेगवेगळ्या जागी जाऊन उभी राहते. ठाणं, शाळा, मानसशास्त्रज्ञासोबतची एक खोली आणि शेवटी घर. पहिल्या तीन जागांची उत्तरं अर्धवट आहेत, आणि ती अर्धवट असल्याचं मालिकेला माहीत आहे.

शाळेच्या भागात तपास करणारा अधिकारी बॅस्कोम्ब मुलांना प्रश्न विचारत फिरतो आणि त्याला काहीच कळत नाही, कारण इन्स्टाग्रामवरच्या ज्या इमोजींना तो मैत्री समजतोय त्यांचा अर्थ उलटा आहे. हे त्याला सांगतो त्याचाच मुलगा अ‍ॅडम, जो त्याच शाळेत आहे. बापाचं अडाणीपण बघून लाज वाटते, म्हणून सांगतो. अमुक रंगाची गोळी म्हणजे काय, शंभरचा आकडा म्हणजे काय, ऐंशी टक्के मुलींना वीसच टक्के मुलगे आवडतात हा कुठला सिद्धांत, आणि केटी त्या खुणांनी जेमीला खरं तर काय म्हणत होती. या दृश्याची चर्चा 'मुलांची सीक्रेट भाषा' म्हणून झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर इमोजींचे तक्ते फिरले. माझ्या मावशीने तो तक्ता फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पालकांनो सावधान'. पण दृश्यात घडतंय ते वेगळंच आहे. एका मुलाला बापाशी बोलायचं बरेच दिवस जमलं नव्हतं आणि आज कामाच्या निमित्ताने जमलं. बापाला कोड मिळतो, आणि त्याहून जास्त हे कळतं की आपला मुलगा या शाळेत रोज अपमान गिळतोय. भागाच्या शेवटाकडे तो त्याला चिप्स खायला घेऊन जातो. केसचा यात काही संबंध नाही, तरी मला तो अख्ख्या भागाचा गाभा वाटतो.

तिसरा भाग म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. सात महिने उलटलेत. मानसशास्त्रज्ञ ब्रायनी जेमीला भेटायला येते, हॉट चॉकलेट आणते, सँडविच देते. एरिन डोहर्टी आणि ओवेन कूपर. जेमी गोड बोलतो, चेष्टा करतो, अचानक किंचाळतो, पुन्हा बाळ होतो. तेरा वर्षांचं मूल आणि बाईला घाबरवता येतं हे कळलेला पुरुष, दोघेही एकाच चेहऱ्यावर मिनिटागणिक जागा बदलतात. शेवटी त्याला ओढत बाहेर नेताना तो एकच विचारत राहतो, मी तुला आवडतो का? माणूस म्हणून तरी? ती उत्तर देत नाही. द्यायचं नसतं. दार बंद झाल्यावर ती एकटी कोसळते. जीतू भैयाने उत्तर दिलं असतं, आणि ते रील झालं असतं.

दोष शोधायची रीत

माझ्या कामात सर्व्हर कोसळला, लोकांचे पैसे अडकले, की दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होते. तिला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. चांगल्या टीममध्ये ती 'ब्लेमलेस' असते. म्हणजे कुणी चुकीचं बटण दाबलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे थांबायचं नाही. ते बटण दाबता आलंच कसं? अलार्म का वाजला नाही? वाजला असेल तर कुणी म्यूट केला होता? वाईट टीममध्ये एकतर एक माणूस बळी जातो किंवा 'सिस्टिमच तशी आहे' म्हणून सगळे सुटतात. दोन्हींत पुढच्या महिन्यात सर्व्हर पुन्हा कोसळतो.

आपल्याकडे मुलांच्या प्रश्नांवरच्या गोष्टी या दोन टोकांना जातात. महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आठवा, 2010चा. भरत जाधवने साकारलेला बाप मार्कांवरून मुलाला मारतो, मुलगा कोमात जातो. हा प्रसंग आजही अंगावर येतो. पण पुढे सिनेमा शिक्षणव्यवस्थेवर आरोपपत्र दाखल करायला निघतो, आणि थपडेचा हात हळूहळू व्यवस्थेचा होतो. व्यवस्था दोषी नाही असं नाही. पण मारणारा हात घरातला होता, आणि घरात तो उगारायची सवय आधीपासून होती. त्या सवयीचा माग काढायला सिनेमा थांबत नाही.

उलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002चा 'दहावी फ' बघा. मुलं प्रयोगशाळेची तोडफोड करतात. अतुल कुलकर्णीने साकारलेले शिक्षक त्यांना हाकलूनही देत नाहीत आणि कुरवाळतही नाहीत. नुकसान तुम्ही केलंय, तर तुम्ही कमवून भरून द्या. मुलं कामं शोधतात, पैसे उभे करतात. कारण समजून घेणं आणि जबाबदारी घ्यायला लावणं या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात, हे या सिनेमाला वीसेक वर्षांपूर्वी कळलं होतं. इथेही मोठा माणूस शिक्षकच आहे, पण तो घराची जागा घेत नाही.

'अ‍ॅडोलसन्स'चा चौथा भाग ही मी पाहिलेली सगळ्यात चांगली ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम आहे, आणि ती होते आई-बापाच्या बेडरूममध्ये. खुनाला तेरा महिने झालेत. एडीचा पन्नासावा वाढदिवस. सकाळीच त्याच्या व्हॅनवर कुणीतरी शिवी रंगवून गेलंय, तीही चुकीच्या स्पेलिंगची. रंग काढायला काही मिळेल का म्हणून बाप, आई मांडा आणि मुलगी लिसा दुकानात जातात. वाटेत जेमीचा फोन येतो. तो गुन्हा कबूल करणार आहे. गाडीत तिघं गप्प. कट नसल्यामुळे घरी पोचेपर्यंतचा रस्ता आपल्यालाही पार करावा लागतो.

मग बेडरूममध्ये दोघं बोलतात. माझा बाप मला पट्ट्याने मारायचा, एडी म्हणतो, मी ठरवलं होतं की माझ्या पोरांवर हात उचलणार नाही, आणि नाही उचलला. मग काय चुकलं? फुटबॉलला घेऊन जायचो, त्याला खेळता यायचं नाही, बाकीचे बाप हसायचे आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही. कॉम्प्युटर घेऊन दिला. रात्री एक वाजता खोलीतला दिवा चालू दिसायचा. घरात आहे, खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे असं वाटायचं. यांतली एकही गोष्ट खुनाचं कारण नाही. हजारो घरांत हे सगळं असतं आणि काही होत नाही. तरी मांडा म्हणते की आपणच त्याला घडवलं हे मान्य करायला हवं. आणि मग लिसा येते, शांत, समजूतदार, आणि बापाला प्रश्न पडतो की हिला आपण कसं घडवलं? आई म्हणते, त्याला घडवलं तसंच.

या संवादाला पुढे उत्तर नाही. दोष कुणाच्याही अंगावर फेकलेला नाही आणि कुणाच्याही अंगावरून झटकलेलाही नाही. मुलाने गुन्हा कबूल केलाय, शिक्षा त्याला होणार. बाप मात्र मुलाच्या रिकाम्या पलंगावर जाऊन टेडी बेअरला पांघरूण घालतो.

केटी कुठे आहे?

मालिकेची मोठी उणीव तिनेच आपल्या तोंडाने सांगितली आहे. दुसऱ्या भागात मिशा फ्रँक ही पोलीस अधिकारी वैतागून म्हणते की लोक जेमीला लक्षात ठेवतील, केटीला कुणी ठेवणार नाही. खरं आहे. केटीचा टॉपलेस फोटो मुलांमध्ये फिरला होता. ती खचलेली असताना 'आता ही हो म्हणेल' असा हिशेब करून जेमीने तिला विचारलं, तिने नकार दिला. हे सगळं आपल्याला जेमीच्या तोंडून कळतं. तिचं घर आपण पाहत नाही. तिच्या आईची बेडरूम कुठल्याच भागात नाही. उणीव बोलून दाखवली म्हणून ती भरून निघत नाही. चार भागांत पाचवा बसला असता. आणि तो केटीच्या घरातला असायला हवा होता.

दुसरी गडबड मालिकेबाहेर झाली. ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी पाठिंबा दिला आणि ही मालिका तिथल्या माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून देण्यात आली. हेतू चांगला. पण शाळेत दाखवली की ती पुन्हा आफ्टरस्कूल स्पेशल होते: बघा, लिहा, आपण काय शिकलो. दुसऱ्याच भागात शिक्षक वर्गात व्हिडिओ लावून बसतात आणि कुणीही बघत नाही. माझ्या मते ही मालिका आधी शिक्षकांनी आणि पालकांनी बघायची आहे. मुलांना त्यातलं बहुतेक माहीत आहे.

आपल्या खोलीचं काय?

मला कुणी म्हणेल, एवढं इंग्रजी कौतुक झालं, मराठीचं काय? मराठीत यूट्यूबवर शाळेच्या वयावरच्या गावाकडच्या मालिका येतायत, 'आठवी-अ'सारख्या. त्या प्रचंड बघितल्या जातात. त्यांतली भाषा, शाळेची मैदानं, वर्गातली चिडवाचिडवी खरी वाटते, आणि ती ऐकायला मराठी पोरं किती आसुसली होती हे खालच्या प्रतिक्रियांवरून कळतं. पण या मालिकांचा ओढा आठवणीकडे आहे. 'आमच्या वेळची शाळा' हा त्यांचा सूर. आज पंधरा वर्षांचा असलेला मुलगा रात्री एक वाजता फोनवर काय बघतो, हे त्या सुरात बसत नाही.

विषय तर इथेच पडलेत. लातूरच्या त्या एका खोलीत, जिथे आई आणि मुलगा दोघंच दोन वर्षं राहतात. गॅस, पलंग, अभ्यासाचं टेबल एकाच भिंतीला. मुलाला एकांत नाही आणि आईलाही नाही. तिचं गाव सुटलं, मैत्रिणी सुटल्या, दिवसभर ती दाराशी मुलाच्या येण्याची वाट बघते, आणि तो आला की पहिला प्रश्न विचारते, ''टेस्ट कशी गेली?'' कारण दुसरा कुठला प्रश्न विचारायचा हे दोघांनाही आता आठवत नाही. बाप शनिवारी रात्री एसटीने येतो, रविवारी जातो, आणि त्या एका दिवसात कुणीही भांडायचं नाही असा न बोललेला करार असतो. इथे खून नाही. कदाचित आत्महत्याही नाही, आणि ती नसलेलीच बरी. '13 रीझन्स व्हाय'ने 2017मध्ये तो प्रसंग तपशीलवार दाखवला आणि दोन वर्षांनी नेटफ्लिक्सला तो कापून टाकावा लागला. हे आपण विसरू नये.

मला फक्त ती खोली बघायची आहे. भैया न आणता, पार्श्वसंगीत न लावता. मुलगा क्लासहून आल्यापासून झोपेपर्यंतचा एक तास. आई काय बोलते, तो काय बोलत नाही, फोन कुठल्या बाजूला वळवून ठेवतो, बापाचा फोन आला की दोघांचे आवाज कसे बदलतात. जमलं तर एका शॉटमध्ये. नाही जमलं तर कट करा, हरकत नाही. पण 'पंधरा वर्षांनंतर' अशी पाटी लावू नका.

तोपर्यंत 'अ‍ॅडोलसन्स'चा चौथा भाग आई-बाबांसोबत बघता आला तर बघा. वर्गात घेतात तशी चर्चा करू नका. संपल्यावर थोडा वेळ टीव्ही तसाच राहू द्या. आमच्या घरी बाबा उठून पाणी प्यायला गेले आणि आतूनच म्हणाले, ''लातूरला एकदा जाऊन यायला पाहिजे.'' आईने विचारलं, ''कशाला?'' ते म्हणाले, ''असंच. टेस्टबिस्ट नाही विचारायची. जेवून येऊ.''